शिवेवरची बाई

माझी आई आयुष्यात एकदाच मुंबईतलं म्युझियम बघायला गेली, आणि तीही ओटीचं सामान घेऊन. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं एका कापडी पिशवीत. एक काळी कोंबडीही न्यायची होती तिला. मोठ्या भावाने हात जोडले. गाडी नवी होती, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"आये, म्युझियम हाय ते. जत्रा न्हाय," तो म्हणाला.

"जत्रा असती त तुला कशाला सांगितलं असतं? मी माझी गेले असते," आई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. मी मागे. मला नेलं होतं ते लेक म्हणून नाही, सवाष्ण म्हणून. आई विधवा, तिच्या हाताने देवीची ओटी चालत नाही. वडील गेल्यापासून ओटीसाठी हात माझे आणि हुकूम तिचे, अशी आमची वाटणी होती.

आमचं गाव भिवंडीजवळचं पूर्णा सोडून थोडं पुढे. आता तिथे गाव कमी आणि गोदामं जास्त. आमच्या भाताच्या खाचरावर पत्र्याचं एक अवाढव्य शेड उभं आहे आणि त्यात देशभरच्या लोकांनी फोनवर मागवलेल्या चपला, मिक्सर, पोरांचे लंगोट ठेवलेले असतात. जमीन विकली तेव्हा वडील नव्हते. सगळं मोठ्या भावाने केलं. आईचा अंगठा घेतला. माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि एक साडी दिली. आमच्याकडे बहिणीने सही केली की ती चांगली बहीण, आणि नाही केली तर तिचं माहेर त्याच दिवशी संपतं. साडी मी अजून नेसलेली नाही. रंगही धड नाही तिचा.

त्या खाचराच्या कडेला, दोन गावांच्या शिवेवर, एक दगड उभा होता. कमरेइतका उंच, शेंदराने इतका माखलेला की त्यावर काय कोरलंय ते कोणालाच कधी दिसलं नाही. वरच्या बाजूला सूर्य-चंद्र असावेत असे दोन उंचवटे. खाली एक बाई आणि तिच्या अंगाशी कसलंसं जनावर. आम्ही पोरं त्याला घोडा म्हणायचो. देवी घोड्यावर बसून रात्रीची शीव राखते, असं आजी सांगायची. तिला नाव नव्हतं. शिवेवरची बाई, एवढंच. गावात कोणाच्याही घरी लग्न निघालं की पहिली अक्षत तिला. मग सवाष्णीने तिची ओटी भरायची आणि मगच मांडवासाठी उंबराची डाहाळी आणायची. आई बांधावर उभी राहून मला ओरडायची, "कुकू वर लाव बाय, वर! तिच्या कपालाला, दगडाला न्हाय!" मला कपाळ कुठे आणि दगड कुठे हे कधीच कळलं नाही. मी अंदाजाने लावायची.

जेसीबी आला तेव्हा दगड अडचणीचा झाला. गोदामवाल्यांना कंपाउंडात बायकांची ये-जा नको होती. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि मुंबईहून पुरातत्त्व खात्याचे दोन साहेब आले. ब्रश घेऊन दगडाशी बसले, खूश झाले, म्हणाले, हा ठेवा आहे, हा जपला पाहिजे. एवढी वर्षं आम्ही तो काय शेण थापायला वापरत होतो की काय! आठवड्याभरात दगड पोत्यात गुंडाळून टेम्पोत चढवला. टेम्पो आमच्याच मोठ्या भावाचा. भाडं बाहेर कशाला जाऊ द्यायचं, असा विचार त्याने केला असणार. बदल्यात गोदामाच्या गेटाशी टाइल लावलेलं छोटं देऊळ बांधून दिलं, आत संगमरवराची, गुलाबी ओठांची देवी. आई एकदाच तिथे गेली. म्हणाली, "ही कोन? मी न्हाय वलखत हिला."

त्याच साली धाकट्या भावाचं लग्न झालं. अक्षत कोणाला द्यायची, हा प्रश्न आला. मोठा म्हणाला, नव्या देवळात द्या. आई ऐकेना, धाकटा हसत म्हणाला, "जाऊ दे गं आये, म्युझियममधी पोस्टानं पाठवू." अक्षत कुणालाच गेली नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत तो गोदामाच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला. शिफ्ट सुटायची वेळ, अंधार नव्हता, पाऊस नव्हता. नुसता कंटेनर होता. त्याची बायको तेराव्यानंतर माहेरी गेली ती गेलीच.

माझ्या मते धाकट्याला त्या रस्त्याने मारलं. वीस चाकांच्या गाड्या भाताच्या बांधावरून न्यायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? मोठ्या भावाच्या मते नशिबाने मारलं. नशीब हा शब्द त्याला फार उपयोगी पडतो. आणि आईच्या मते बाईला अक्षत न गेल्याने. तिने यावर कधी वाद घातला नाही. फक्त यंदा मोठ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती उंबऱ्यात आडवी बसली आणि म्हणाली, "बाईची ओटी भरल्याबिगर उंबराची डाहाळी या दारातून आत येनार न्हाय. मी मेले तरी न्हाय. एक पोर गेलाय माझा. आता नात न्हाय देनार."

भावाने खूप समजावलं. शेवटी पोरीच्या सासरची माणसं काय म्हणतील या धाकाने तो तयार झाला. आईच्या शब्दाने तो कधी हलला असेल तर मला आठवत नाही.

काशेळीचा पूल ओलांडून, ठाणं मागे टाकून आम्ही मुंबईला पोचलो. आधी त्या साहेबांच्या कचेरीत जाऊन दगड कुठे ठेवलाय ते विचारायचं होतं. फोर्टातली ती जुनी सरकारी इमारत. काळ्या दगडाच्या कमानी, जिन्याला लाकडाचा गुळगुळीत कठडा, छत इतकं उंच की आमचं अख्खं घर त्यात उभं राहिलं असतं. जिन्याच्या वळणावर कुणा गोऱ्या साहेबाचा अर्धा पुतळा. आईने त्यालाही हात जोडले. मी म्हटलं, "आई, तो देव नाही. इंग्रज आहे." ती म्हणाली, "आसू दे. आपल्याला काय, काम व्हवाला पायजे."

कचेरीत टेबलांवर टेबलं आणि कपाटांवर गाठोडी. एका बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि त्या विसरल्या. भिंतीवर किल्ल्यांचे, लेण्यांचे मोठे फोटो होते आणि खाली लिहिलं होतं, आपला वारसा. मला हा 'आपला' शब्द नेहमी संशयाचा वाटतो. जे आपलं असतं त्याला आपलं म्हणून पाटी लावत नाहीत. भाऊ सारखा घड्याळ बघत होता. आई मात्र शांत होती, देवळात रांगेत बसल्यासारखी.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. साहेब तरुण होते, वागायला वाईट नव्हते. त्यांना दगड लगेच आठवला. चेहरा उजळला त्यांचा. "म्हणजे तुम्ही त्या गावचे! फार महत्त्वाची शिळा आहे ती. लेख जवळजवळ पूर्ण वाचता येतो. म्युझियममध्ये मागच्या व्हरांड्यात आहे. बघून या जरूर."

"ओटी भरायची आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

"त्या शिळेची."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ती आता संग्रहातली वस्तू आहे. हळद-कुंकू, तेल, पाणी काही चालणार नाही. शेंदूर काढायलाच आम्हाला किती त्रास झाला! आणि खरं सांगायचं तर ती देवी नाहीच. तिथे लिहिलंय सगळं. वाचा." आणखी काही सांगावं की नाही अशा विचारात ते क्षणभर थांबले. मग आईकडे नजर गेली आणि ते गप्प बसले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

म्युझियमच्या दारात पिशवी मशीनमधून गेली आणि पलीकडे नारळ अडकला. पडद्यावर तो त्यांना बॉम्बसारखा दिसला असेल. सिक्युरिटीच्या पोरीने तो काढून टेबलावर ठेवला. तिथे आधीच लायटर, गुटख्याच्या पुड्या आणि एक स्क्रू ड्रायव्हर पडला होता. तांदूळही काढले, खायचं सामान आत न्यायचं नाही म्हणून. "कच्चे तांदूळ कोण खातं गं?" मी विचारलं. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, माझी ड्युटी आहे." खण मात्र कापड म्हणून सुटला. आईने काही वाद घातला नाही. पदराची गाठ तिने मुठीत घट्ट धरली होती, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आत शिरताना तिने चपला काढल्या आणि हातात घेतल्या. गार्ड म्हणाला, "आजी, चपला घाला, चालतं इथे." आई म्हणाली, "तुझं चालत आसल." आणि त्या थंडगार फरशीवरून ती अनवाणी निघाली. घुमटाखाली शाळेची पोरं रांगेत उभी होती, एका काचेत पेंढा भरलेला वाघ होता, दुसऱ्या दालनात कुणा शेठची चिनी भांडी. मला वाटलं होतं आईला मजा वाटेल. मलाही मजा वाटावी अशी माझी फार इच्छा होती. भिवंडीच्या शाळेत ऑफिसात काम करता करता किती सहलींच्या बस मी इकडे लावून दिल्यात, स्वतः कधी आले नव्हते.

मूर्तींच्या दालनात आई थांबली. चहूकडे देव्या. काहींचे हात तुटलेले, काहींची नाकं. सगळ्यांवर छान पिवळा उजेड. आईने एकेकीसमोर जाऊन हात जोडले, शेवटच्या मूर्तीपर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "बाय, येवढ्या देव्या, पन येकीच्याबी कपालाला कुकू न्हाय. सगल्या रांडावल्याच ठेवल्यात."

भाऊ इकडेतिकडे बघायला लागला, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले, कारण ती हे आपल्यातल्या कुणाबद्दल बोलावं तशी बोलली होती.

मागचा व्हरांडा शोधावा लागला. जिन्याखालून, संडासाच्या बाजूने वाट होती. तिथे आठ-दहा शिळा लोखंडी चौकटींत उभ्या केल्या होत्या. आई एकेक बघत गेली, आमचा दगड ओलांडून पुढेही गेली. तिने तो ओळखला नाही. मीही नाही. आमची बाई भगवी, गुबगुबीत, तेलाने चमकणारी. हा दगड काळा, खडबडीत, अंगाने वाळलेला. वर खरंच सूर्य-चंद्र होते. मध्ये अक्षरांच्या ओळी, ज्या आमच्या किती पिढ्यांनी शेंदूर लावून लावून बुजवल्या होत्या. आईच परत फिरली. उजव्या कोपऱ्यावर टवका उडाला होता. वडिलांच्या ट्रॅक्टरचा फाळ लागला होता तिथे, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं. आईने त्या टवक्यावर बोट ठेवलं. "हीच," ती म्हणाली.

बाजूला पाटी होती. भाऊ आधी वाचायला लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले. खिशातून फोन काढून, कोणाचा वाजलेला नसताना, तो कानाला लावत व्हरांड्याच्या टोकाला गेला.

मग मी वाचली. लिहिलं होतं की ही शिलाहार काळातली गधेगाळ. राजाने जमीन दान दिली की शिवेवर अशी शिळा रोवत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान राहो. आणि खाली शाप. जो कोणी ही जमीन बळकावील, तिची मोडतोड करील, त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल. खालचं चित्र त्याचंच. बाई आणि गाढव.

तो घोडा नव्हता आणि ती देवी नव्हती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एका शिवीची ओटी भरत आलो होतो.

मला आधी कसला राग आला सांगू? त्या राजाचा. जमीन पुरुषांनी द्यायची, पुरुषांनी घ्यायची, पुरुषांनी मोडायची, आणि शिक्षा आईला. इतकी शतकं झाली, काही फरक नाही. भिवंडीत माझ्या सासरी, निजामपुऱ्याच्या गल्लीत, लूमच्या खडखडाटात दोन माणसं भांडली की तिसऱ्या शब्दाला आई निघते, मराठीतही आणि हिंदीतही. मला वाटायचं ही आजची घाण आहे. छे, ही तर सरकारी होती, छिन्नीने कोरलेली. आणि आता ती पुसून, धुऊन, वारसा म्हणून उजेडात ठेवली होती.

मग मी पाठमोऱ्या भावाकडे पाहिलं, आणि बाजूला उभ्या आईकडे. पुढचा विचार मला करायचा नव्हता.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"काही नाही गं. राजाचं नाव आहे, जुनं."

"येवढ्यासाठी तुझा दादा फोन घेऊन पलाला?" ती म्हणाली. "वाच. हाय तसं वाच."

मी हाय तसं वाचलं. विटंबना हा शब्द तिला कळणार नाही असं मला वाटलं. तिला सगळं कळलं. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ती खाली वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते चित्र नीट पाहिलं. बाईचा चेहरा झिजून सपाट झाला होता. कोणाचाही असू शकला असता. दूर कुठेतरी शाळेच्या पोरांचा कल्ला चालू होता.

"म्हंजे जमीन पोरानं मोडली," ती सावकाश म्हणाली, "आनि ही त्याची आय."

पिशवीतून खण काढून मी पुढे झाले. कशाचीही असो, ओटी भरून टाकू आणि निघू, असं मला झालं होतं. आईने माझ्या हातातून खण काढून घेतला.

"तू लांब ऱ्हा."

"अगं आई, तुझ्या हातानं—"

"देवी हुती तवर मी बांधावर हुबी ऱ्हायले," ती म्हणाली. "आता कसली लांब ऱ्हाते? ही माझ्यातलीच हाय."

तिने पदराची गाठ सोडली. मूठभर तांदूळ होते, आणि कागदाच्या दोन पुड्या. दारातल्या मशीनने नारळ पकडला होता, बाईचा पदर कोण तपासणार? वडील गेल्यापासून कुंकवाला न लावलेलं बोट तिने कुंकवात बुडवलं आणि त्या सपाट चेहऱ्याच्या बरोबर कपाळावर टेकवलं. इतकी वर्षं मी चुकत होते तिथे. हळद लावली. खण चौकटीत खोचला, वर तांदूळ घातले. मग गाढवावर हात ठेवून ते झाकल्यासारखं केलं आणि तशीच उभी राहिली.

गार्ड धावत आला. "ओ मावशी, हात लावायचा नाही! काय केलंत हे!" मी मध्ये उभी राहिले. भाऊही आला आणि गार्डला बाजूला घेऊन दबक्या आवाजात माफी मागायला लागला, म्हातारं माणूस आहे, अडाणी आहे, समजून घ्या. गार्डने ओलं फडकं आणवलं. आमच्यादेखत कुंकू पुसलं गेलं. पाणी लागल्यावर ते पसरलं आणि क्षणभर त्या बाईचा सगळा चेहरा लाल झाला. मग पुन्हा काळा. आईने शेवटपर्यंत पाहिलं आणि चपला घेऊन ती बाहेर आली. दारातला नारळही तिने परत मागितला नाही.

परतीच्या वाटेवर ठाणं मागे पडलं. मग भाऊ, समोर बघत, जरा खुशीत येऊन म्हणाला, "झालं ना मनासारखं? उद्या डाहाळी आनतो मग."

"आन," आई म्हणाली. "पन पोरीला पयली हलद मी लावनार."

भावाने ब्रेकवर पाय ठेवला. "आये, असं कसं? सवाष्नी असतात त्याला. व्याही काय म्हनतील? लग्नाच्या घरात हे न्हाय व्हनार."

काशेळीचा पूल आला होता. पलीकडे गोदामांचे पत्रे उन्हात चकाकत होते, एकाला लागून एक, खाडीपर्यंत.

"न्हाय व्हनार?" आई म्हणाली. "मग माझी जमीन हुती तशी परत आन. माझा पोर परत आन. मी ऱ्हाते मग बांधावर हुबी."

भावाने गाणी लावली. आईने हात लांब करून ती बंद केली.